फुलाबाईची केस

(नाशिक. कॉलेज रोडमागच्या गल्लीत एका संस्थेचं कार्यालय, दुपारची वेळ. संस्था चालवणाऱ्या साधनाताईंसमोर पेठच्या डोंगरातून आलेली फुलाबाई आणि तिची दिंडोरीकडे दिलेली मुलगी सविता बसल्या आहेत.)

साधना : ...तर गाडी सकाळी इथून लवकर निघेल. बॅनर, माईक, सगळं सोबत. फौजदारसाहेबांशी मी स्वतः बोललेय, ते परस्पर येतील. सविता, तू फक्त बायकांना अंगणवाडीसमोर जमवून ठेव. बाकी माझ्यावर सोड.

सविता : ताई, बायका जमणार नाहीत.

साधना : पहिल्यांदा कुठेच जमत नाहीत गं. पोलिसांची गाडी दिसली की आपोआप येतात बघायला.

फुलाबाई : ते खरंय. माझ्या टायमाला बी तशाच आल्त्या.

साधना : बघ. अनुभवी माणूस बोलतंय.

सविता : आई, तू चहा पी.

फुलाबाई : पेते की. साखरच नाय यात. लोकायचं रडगानं ऐकत पेयाचा म्हनून असा करत्यात काय?

साधना : माझ्या शुगरमुळे फुलाबाई. थांबा, दुसरा सांगते.

फुलाबाई : ऱ्हाऊ द्या. इतकी वर्सं तसाच पेते.

सविता : ताई, आम्ही सभेची तयारी करायला आलो नाही. उद्याची सभा होऊ नये म्हणून आलोय.

साधना : कोणी धमकी दिली का? सरपंच? नाव सांग मला.

सविता : कोणी नाही दिली.

साधना : घाबरू नकोस. आता कायदा आहे. फुलाबाईंच्या वेळी तोही नव्हता, तरी आपण अख्ख्या पाड्याला माफी मागायला लावली. तू परवा फोनवर रडत होतीस. पोरं अंगणवाडीत येत नाहीत, तुझ्या हातची खिचडी खात नाहीत, बायका भुताळणीची पोरगी म्हणतात. तूच सांगितलंस ना?

सविता : सांगितलं. पण फोन त्याच्यासाठी नव्हता केला. मला पुढचं बोलायचं होतं. तुम्ही मधेच म्हणालात, काळजी करू नको, मी येते. आणि ठेवून दिलात.

साधना : मीटिंगमध्ये होते गं. रविवारच्या कार्यक्रमाची धावपळ चाललीय.

सविता : माहीत आहे. तुमचा सत्कार आहे. त्याचंच बोलायचं होतं.

साधना : सत्काराचं? त्याचा काय संबंध? आधी मला सांग, पोरं किती येतात सध्या?

सविता : माझा राज. बाकी कोणी नाही.

साधना : आणि तुझ्या सेविकाबाई? त्या काय करतात?

सविता : त्या वाईट नाहीत. म्हणाल्या, सविता, थोडे दिवस खिचडी मी शिजवते, तू झाडलोट कर. मग म्हणाल्या, झाडलोट झाली की जरा लांब बस, म्हणजे आया पोरं सोडतील. लांब बसले. तरी सोडत नाहीत. आता पर्यवेक्षिका यायच्यात. पट भरलेला आणि खोली रिकामी दिसली की त्या कोणाला विचारणार? मदतनीस मी आहे. मला काढून दुसरी घेतील. आणि का काढली ते आजूबाजूच्या सगळ्या गावांत जाईल.

साधना : म्हणूनच सभा हवी.

सविता : ताई, एक विचारू? माझ्या सासरी हे कळलं कसं, असं वाटतं तुम्हाला?

साधना : मलाही तोच प्रश्न पडलाय. तुझं लग्न जमवताना किती जपलं होतं आपण. मुद्दाम लांबचं गाव पाहिलं.

सविता : तुमच्या फिल्ममधून कळलं.

साधना : कुठल्या?

सविता : रविवारच्या कार्यक्रमाची म्हणून तुमच्या पोरांनी मोबाइलवर टाकली ती. आमच्या बायका द्राक्षाच्या बागेत छाटणीला जातात. जेवायच्या सुट्टीत एकीनं लावली. 'डोंगरातल्या बाईची लढाई' का काय नाव आहे.

साधना : पण त्यात फुलाबाईंचं नाव नाही! मी स्वतः बदलून घेतलं. 'हौसाबाई' केलं. चेहरा धूसर केला. गावाचं नाव नाही, तालुक्याचं नाव नाही. फिल्म करणाऱ्या शेखरला मी तीनदा बजावलं होतं.

सविता : चेहरा नाही दिसत. हात दिसतात.

साधना : हात?

सविता : आई बोलताना हात हलवते. मनगटावर विंचू गोंदलेला आहे तिच्या, नांगीपाशी अर्धवट राहिलेला. दरवर्षी भात निघाला की आई आमच्याकडे नागलीचे पापड घेऊन येते. आमच्या आळीतल्या प्रत्येक बाईनं तिच्या हातून पापड घेतलाय.

फुलाबाई : अर्धा ऱ्हायला कारन मी उठून पळाले. लय दुखलं.

सविता : आणि आवाज. माझ्या सासूनं तर बघितलंसुद्धा नाही, नुसतं ऐकलं. भाकरी थापत होती. म्हणाली, ही तर आपली विहीणबाई.

साधना : ...मला आवाजाचं सुचलंच नाही.

सविता : त्याच आठवड्यात एका पोराला ताप आला. पोरांना येतोच ताप. पण त्यानं दुपारी खिचडी खाल्ली होती आणि संध्याकाळी अंग तापलं. त्याला भगताकडे नेलं. भगतानं तांदूळ बघितले, काही बोलला नाही. बायका बोलल्या.

साधना : पण फिल्ममध्ये तर स्पष्ट सांगितलंय की हे सगळं खोटं आहे! आई निर्दोष होती, पोरं तापानं गेली होती, डॉक्टर येऊन सांगतात त्यात...

सविता : डॉक्टर येईपर्यंत सुट्टी संपली असेल.

फुलाबाई : सविते.

सविता : नाही आई, बोलू दे. ताई, तुम्हाला वाटतं लोक शेवटपर्यंत ऐकतात. लोक पहिलं ऐकतात. 'हिला भुताळीण ठरवलं होतं.' झालं. पुढं तुम्ही किती का सांगा.

साधना : फुलाबाई, मी तुम्हाला विचारलं होतं. कॅमेरा लावायच्या आधी विचारलं होतं. तुम्ही हो म्हणालात.

फुलाबाई : म्हनले की.

साधना : मग?

फुलाबाई : तुमाला नाय कसं म्हनू? मार खाल्लेल्या अंगावर हळद लावून तुमच्या दारात आल्ते. ही पोरगी काखेला. तुमी घरात घेतलं. माझ्या जखमा तुमी धुतल्या, कामाच्या बाईला नाय सांगितलं. तवापासून तुमी जे मागितलं त्याला मी हो म्हनते. शिबिराला ये. आले. मुंबैला चल. आले. त्या गोऱ्या बाईला सांग. सांगितलं.

साधना : म्हणजे तुम्हाला सांगायचं नव्हतं?

फुलाबाई : पहिल्या टायमाला होतं. दुसऱ्या बी. मंग नव्हतं.

साधना : एकदा तरी बोलायचं होतं.

फुलाबाई : तुमी खूश व्हायच्या. गाडीत घरी सोडताना म्हनायच्या, आज लय छान बोलल्या फुलाबाई. मला बी बरं वाटायचं. मंग दोन दिस जेवन जात नव्हतं, ते कशाला सांगू.

साधना : मी हे काही माझ्या नावासाठी केलं नाही. तुम्हाला तरी ते माहीत आहे. मंगळूची आई आठवते? त्या गावानं तिला दावणीला बांधलं होतं. आपण गेलो. मी भाषण केलं तर लोक उठून चालले होते. तुम्ही उभ्या राहिलात, तुमचं सांगितलंत, आणि तिच्या सख्ख्या दिरानं दावं सोडलं. माझ्या भाषणानं नाही सोडलं. तुमच्या गोष्टीनं. ती बाई आज जिवंत आहे.

फुलाबाई : हाय. दिवाळीला येऊन गेली. चांगली जाड झालीय.

साधना : मग ते चुकलं का आपलं?

फुलाबाई : नाय. ते बरं केलं. तितं मी आनखी चारदा सांगितलं असतं.

सविता : तिथं बाई बांधलेली होती, ताई. बागेत जेवायच्या सुट्टीत कोण बांधलेलं होतं? आणि तुमच्या फिल्ममध्ये 'तिची चिमुकली' म्हणून एक मुलगी आहे. भिंतीला टेकून बसते, रडते. कोण्या शाळेतली घेतली म्हणे. ती मी. मला कोणी विचारलं नाही, तुला चालेल का म्हणून.

साधना : तू तेव्हा लहान होतीस.

सविता : फिल्म गेल्या महिन्यात झाली.

फुलाबाई : आता पुरे गं. ताई काय वैरी हाय आपली?

सविता : वैरी असत्या तर बरं होतं. वैऱ्याला शिव्या देता येतात.

साधना : बरं. माझी चूक झाली. आवाज बदलायला हवा होता, हात दाखवायला नको होते. तुला विचारायला हवं होतं. मान्य. पण आता झालंय ते निस्तरायचं कसं? म्हणून म्हणते, उद्या सभा घेऊ. फुलाबाई, तुमच्या पाड्यावर काय झालं? सभेनंच मिटलं ना? गावानं एकेक नारळ तुमच्यापुढे ठेवला, पाया पडले. मी समोर उभी होते.

फुलाबाई : नारळ ठेवले. मोप होते. पोलिसांनी खाल्ले निम्मे.

साधना : पण मिटलं.

फुलाबाई : कुटं मिटलं?

साधना : म्हणजे?

फुलाबाई : तुमची जीप गेली. लोक घरी गेले. दुसऱ्या दिशी मी पान्याला गेले तर झऱ्यावरून बाया उठल्या. मी भरून निघाले की मंग त्या परत. शिवी नाय, मार नाय. पोलिसाचं भ्या होतं ना. बोलनंच बंद. लगीन असलं की दारावरून वाजत जायचं, मला सांगावा नाय. अशे लय पावसाळे गेले.

साधना : मी येत होते की दरवर्षी. तुम्ही म्हणायच्या, सगळं चांगलं आहे.

फुलाबाई : तुमी यायच्या त्या दिशी चांगलंच असायचं. लोक येऊन बसायचे. तुमी गेल्या की पुन्ना तेच. उलट चार दिस जास्ती.

साधना : मग संपलं कधी?

फुलाबाई : ते भागुबाईनं संपवलं.

साधना : भागुबाई? जिच्या नवऱ्यानं तुमच्यावर आळ घेतला, तीच?

फुलाबाई : तीच. शेजारचीच ना ती. आवनी चालली होती. सगळ्या बाया खाचरात वाकलेल्या, मी आपली माझ्या तुकड्यात एकली. भागुबाईचा नातू बांधावर निजवला होता. उठला, लागला रडायला. तिची सून लांब. भागुबाई वर आली, पोराला उचललं, आन इकडंतिकडं बघितलं. मंग बांध ओलांडून माझ्याकडं आली. म्हनली, धर गं जरा, माझे हात चिखलाचे हायेत.

साधना : आणि?

फुलाबाई : आन काय. माझे बी चिखलाचेच होते. मी धरला.

साधना : बाकीच्या?

फुलाबाई : वाकल्या होत्या तशाच. कोनी बोललं नाय. पन हात थांबले सगळ्यांचे, ते मला दिसलं. पोरगं गप झालं. भागुबाई परत जाऊन रोपं लावाया लागली. लय वेळ न्यायला आली नाय. मुद्दाम. त्या दिसापासून मला झऱ्यावर हाका यायला लागल्या. आता कोनाकडं बी पाचवी असू द्या, बाळाला न्हाऊ मीच घालते.

साधना : हे तुम्ही मला इतक्या वर्षांत कधीच सांगितलं नाहीत.

फुलाबाई : तुमी पुढचं कदी इचारलं नाय. तुमची गोष्ट नारळापाशी थांबायची. तितं टाळ्या पडायच्या.

साधना : हात चिखलाचे आहेत... थांबा. एक मिनिट. माझं पेन कुठे गेलं? हे रविवारी सांगायला हवं. फिल्म नकोच. फिल्मच्या जागी मी हेच सांगते, तुमचं नाव न घेता, भागुबाईंचंही न घेता. नुसता तो बांध आणि ते मूल. सगळं सभागृह... सविता, हसतेस काय?

सविता : काही नाही.

साधना : बोल ना.

सविता : आईनं आत्ता सांगितलं तुम्हाला. अजून चहा गार झाला नाही तिचा.

फुलाबाई : नका सांगू ताई. भागुबाईचा नवरा मेला त्याला वर्स झालं. तिनं त्याचं नाव कदी काढलं नाय माझ्यापुढं, मी बी काढत नाय. तुमी नाव घ्या का नका घेऊ, आमचा पाडा वळखंल. मंग भागुबाई माझ्याशी कशी बोलंल? ते न बोलता मिटलंय. बोललं की उसवंल.

साधना : नाही सांगत.

फुलाबाई : पेन ठेवा मंग.

साधना : ठेवलं. ...थांबा, शेखरला फोन लावते. तुमच्यासमोरच. ...हॅलो, शेखर? ऐक. उद्याची सभा रद्द. नाही, पुढे ढकललेली नाही, रद्द. फौजदारसाहेबांना मी कळवते. आणि ती हौसाबाईची फिल्म आहे ना, ती आत्ताच्या आत्ता काढून टाक. सगळीकडून. हो, रविवारीही दाखवायची नाही. ...पाहुण्यांना काय सांगायचं ते मी बघते. ...का म्हणजे? मी सांगते म्हणून. ...काय? किती जणांनी? ...ते नाही का काढता येत? लोकांच्या फोनमध्ये गेलेलं? ...बरं. बरं. जेवढं निघेल तेवढं काढ. ठेवते.

सविता : नाही निघायचं ना?

साधना : आपल्याकडचं निघेल.

सविता : मला माहीत होतं. तरी बरं झालं, रविवारी अजून लोकांपुढं जाणार नाही.

साधना : तुमच्या पर्यवेक्षिकांना फोन करू? ओळखते मी त्यांच्या वरच्यांना. निदान तुझी जागा...

सविता : नको. साहेबांचा फोन आला म्हणून ठेवली, असं होईल. मग पोरं तर येणारच नाहीत, सेविकाबाईपण तोंड फिरवतील.

साधना : मग मी काय करू, ते तरी सांग.

सविता : काही करू नका.

साधना : काहीच नाही?

सविता : माझी जाऊ आहे. तिची मुलगी तीन वर्षांची. जाऊ माझ्याशी भांडते, पण वाईट नाही. तिला मी काही म्हटलेलं नाही. रोज सकाळी तिच्या दारावरून हाका मारत जाते, बाकीच्यांच्या दारांवरून जाते तशीच. एखाद दिवशी देईल पाठवून. तिच्यामागं दुसरी येईल. नाहीतर नाही येणार. पण उद्या तुमचा माईक लागला ना, तर जावेला ठरवावंच लागेल, ती कुणाच्या बाजूची. आणि ती माझ्या बाजूची नाही होणार. तिलाही गावात राहायचंय.

साधना : पर्यवेक्षिका आधी आल्या तर?

सविता : तर जाईल काम. मी पण बागेत जाईन छाटणीला. त्याच बायकांबरोबर.

फुलाबाई : हिला सवय नाय ताई कातरीची. अंगनवाडीत हात मऊ झालेत.

सविता : होतील टणक.

साधना : सविता, बारावीला तुझा नंबर आला तेव्हा आम्ही पेढे वाटले होते या ऑफिसात.

सविता : आठवतंय.

साधना : मला वाटायचं, माझं आयुष्यभराचं काम कुणी विचारलं तर दाखवायला तू आहेस.

सविता : म्हणून तर सांगायला आले, ताई. तुम्ही परक्या असतात तर मी सरळ पोलिसांत गेले असते.

साधना : रविवारी तिथे उभं राहून मी बोलू काय आता?

सविता : तुमचं बोला.

साधना : माझं? माझं काय आहे? मी कुठे गेले, कुणाला भेटले, कुणावर काय बेतलं होतं... सगळं दुसऱ्यांचंच आहे. ते वगळलं तर दोन मिनिटं पुरतील.

फुलाबाई : मंग दोन मिनिटं बोला. लोक जेवायला लवकर जातील. दुवा देतील.

साधना : फुलाबाई, तुम्ही रविवारी याल ना? स्टेजवर नाही. नुसत्या बसायला.

फुलाबाई : नाय येत.

साधना : मागे बसा. कुणाला कळणार नाही.

फुलाबाई : तुमचीच मानसं धरून पुढं नेतील. 'ह्याच त्या' म्हनून. तुमी नाय सांगितलं तरी.

साधना : खरंय. नेतील. ...मग मी येऊ का तुमच्याकडे? रविवारनंतर. गाडी नाही, बॅनर नाही. एसटीनं येते. जेवायला.

फुलाबाई : या की. तुमाला कोन नाय म्हनतंय. नागलीची भाकर करीन.

सविता : आई.

फुलाबाई : काय?

सविता : ताई गावात आल्या की लोक काय म्हणतात?

फुलाबाई : ...व्हय. ते बी हायच.

साधना : काय म्हणतात?

सविता : म्हणतात, त्या बाई आल्यात, कुणाच्या तरी घरी काहीतरी झालंय. मग कुणाच्या घरी ते शोधतात.

साधना : जेवायला आले तरी?

सविता : तुम्ही आजवर नुसतं जेवायला कधी आला नाहीत, ताई.

फुलाबाई : आवंदा नको. हिच्या अंगनवाडीच्या पोरांचं काय होतंय ते होऊ द्या. मंग मीच सांगावा धाडते.

साधना : धाडाल?

फुलाबाई : धाडीन. सविते, ऊठ. गाडी निघून जाईल.

साधना : थांबा, चप्पल घालते. स्टँडपर्यंत येते सोडायला. मीच बसवून देते नेहमी.

सविता : नको ताई. दिंडोरीच्या गाडीला आमच्या गावच्या बायका असतात. बाजार करून परतताना.

साधना : बरं. मग कोपऱ्यापर्यंत येते. रिक्षा करून देते.

सविता : आम्ही चालत जातो.

साधना : फाटकापर्यंत तरी येऊ दे मला.

फुलाबाई : बसा ताई. इथूनच बरं.